दमट मुलखातलं धनुष्य

प्रस्तावना

रत्नागिरीत लाकडाचं धनुष्य करायला घेतलेल्या माणसाला सगळ्यात जास्त छळते ती हवा. लाकूड मिळतं, हत्यारं ओळखीच्या सुताराकडून आणता येतात, हातही हळूहळू बसतो. हवेचं काय करणार? जून उजाडला की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते, दार चौकटीत अडकून बसतं. दार ज्या ओलीनं फुगतं तीच ओल धनुष्याच्या पात्यातही शिरते. हातानं धनुष्य करण्यावर इंग्रजीत उत्तम पुस्तकं आहेत. सॅक्स्टन पोप यांचं पुस्तक 1923 सालचं; 1992 पासून निघालेले ‘ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’चे खंड तर हा नाद असलेल्यांना तोंडपाठ असतात. पण ती लिहिली गेली कोरड्या, थंड हवेत, शेगडी पेटलेल्या घरांत. तिथली कृती इथे जशीच्या तशी उचलली, तर एका पावसाळ्यानंतर हातात छान तासलेली आणि दोरी उतरवली तरी वाकडीच राहणारी काठी उरते. ही पुस्तिका कोकणातल्या हवेचा हिशेब धरून लिहिली आहे, म्हणून तिच्याबद्दल चार शब्द लिहायला मी लगेच हो म्हटलं. चारांचे जास्तच झाले, ते वाचकानं चालवून घ्यावं.

आधी तो हिशेब. वाळलेलं लाकूडही भोवतालच्या हवेतून पाणी घेत असतं आणि सोडत असतं. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास असली की लाकडात साधारण 11 टक्के पाणी राहतं. आर्द्रता 85-90 टक्क्यांवर गेली की तेच 18 ते 20 टक्के होतं. धनुष्याला मानवतं 9-10 टक्के. समुद्राजवळच्या घरात त्या आकड्याच्या जरा जवळ जायला डिसेंबर ते फेब्रुवारी एवढेच काय ते महिने. मे महिन्यातलं ऊन कितीही रखरखीत वाटलं, तरी अंगाला चिकटलेला सदराच सांगतो की हवा कोरडी नाही.

ओलसर लाकूड पटकन मोडत नाही. ते फार समजूतदारपणे वाकतं आणि तिथेच फसवतं. धनुष्याची जी बाजू निशाणाकडे असते ती पाठ, तिरंदाजाकडे असते ते पोट. ओढताना पाठीचे तंतू ताणले जातात आणि पोटाचे दाबले जातात. लाकूड ओलसर असलं की पोटाचे तंतू एकदा दबले ते पुन्हा पुरते उठत नाहीत. पात्यानं बाक धरला असं आपण म्हणतो. बाक धरलेलं धनुष्य ओढायला मऊ लागतं, दिसायला ऐटबाज दिसतं आणि बाण मात्र जेमतेम अंगणापार टाकतं.

म्हणूनच या पुस्तिकेतली प्रकरणं महिन्यांच्या क्रमानं लावली आहेत. दिवाळीनंतर लाकूड तोडायचं, थंडी आहे तोवर ते फोडून ओबडधोबड घडवायचं, दोन्ही टोकांना मेण किंवा रंग फासून पावसाळाभर चुलीवरच्या माळ्यावर टाकायचं आणि खरी घडण पुढच्या हिवाळ्यात करायची. पहिल्या थंडीत लाकूड, दुसऱ्या थंडीत धनुष्य. चुलीच्या धुरानं दुहेरी काम होतं, लाकूड सुकतं आणि भुंगा लांब राहतो. ज्यांच्या घरी आता चूल नाही त्यांच्यासाठी बल्ब लावलेल्या बंद पेटीची युक्ती आत दिली आहे. ती चालते, पण लाकूड घाईनं सुकवलं तर तडकतं हे लक्षात ठेवावं.

धनुष्य आणि हवा यांचं भांडण जुनं आहे. मोगल काळातली नावाजलेली धनुष्यं लाकूड, शिंग आणि स्नायू एकमेकांना सरसानं चिकटवून केलेली असत. ताकदीला त्यांना तोड नव्हती, पण सरसाला दमट हवा सोसत नाही. हिंदुस्थानातल्या शस्त्रागारांत पोलादी धनुष्यंही सापडतात. मारा त्यांचा तेवढा नव्हे, पण भांडारात वर्षं काढली तरी ती बिघडत नसत. लाकूड आणि बांबू हा या दोन्हींच्या मधला मार्ग. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याचे चार पदार्थ सांगितले आहेत: ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू अशी यादी आहे. यातली निम्मी सामग्री रत्नागिरीच्या कुठल्याही वाडीत मिळेल. अलेक्झांडरचा आरमारप्रमुख नीआर्कस याच्या हवाल्यानं ग्रीक लेखक एरियननं हिंदी पायदळाचं जे वर्णन केलंय त्यात धनुष्य माणसाच्या उंचीचं आहे. खालचं टोक जमिनीवर टेकवून, डाव्या पायानं रेटून ते ओढत. एवढं लांब धनुष्य शिंगाचं असण्याचं कारण नाही. कोकणापुरतं बोलायचं तर बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर गलबतांच्या लढाया आहेत आणि धनुर्धारीही आहेत. त्यांच्या हातातलं लाकूड कुठलं होतं हे दगड सांगत नाही.

आपल्याकडचं लाकूड कुठलं, याचं पुस्तिकेतलं पहिलं उत्तर आहे धामण. साप नव्हे, झाड. सह्याद्रीच्या पानगळीच्या रानात आणि घाटाखालच्या डोंगरउतारांवर ते आढळतं, फळं पोरं आवडीनं खातात. भावप्रकाश निघंटूत त्याला धनुर्वृक्षच म्हटलंय. कुऱ्हाडीचा दांडा, कावडीची काठी, वल्हं, गाडीचा दांडा अशी जी जी वस्तू वाकून परत सरळ व्हायला हवी तिच्यासाठी धामणीला मागणी होती. खैर आणि ऐन कितीही कणखर असले तरी नवशिक्यानं त्यांच्या वाटेला जाऊ नये. कणखरपणा वेगळा, लवचिकपणा वेगळा.

दुसरं उत्तर मला जास्त आवडलं: पोफळ. सुपारीच्या झाडाला वर्षाची वलयं नसतात. खोडाचा बाहेरचा दोन बोटांचा थर काळपट, चिवट तंतूंनी गच्च भरलेला असतो आणि आत भुसभुशीत गर. कोकणात मांडवाला, साकवाला पोफळीच्या चिपा पूर्वापार वापरतात. त्यावरून माणसं चालतात, त्या लवतात आणि मोडत नाहीत. न्यू गिनीतले लोक काळ्या ताडाची धनुष्यं करतात ती याच गुणावर. शिवाय पोफळीसाठी जिवंत झाडावर कुऱ्हाड चालवावी लागत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानं दापोली आणि मंडणगडच्या बागांत पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा ती खोडं उचलायला माणूस मिळेना. वादळं काही थांबलेली नाहीत. पडलेलं खोड कुजायच्या आत फाडून छपराखाली नेलं तर एका पोफळीत कितीतरी धनुष्यं निघतील. फाडताना हातमोजे घालावेत, त्या तंतूचं कुसळ बोटात गेलं की दोन दिवस ठणकतं.

तिसरा बांबू. त्यातही माणगा, जो भरीव असतो. बांबूची सगळी ताकद हिरव्या सालीलगत असते, त्यामुळे ती बाजू पाठीला ठेवायची आणि तिला हत्यार लावायचं नाही. कृष्णपक्षात तोडलेल्या बांबूला किडा लागत नाही असं जुनी माणसं मानतात. चंद्राचं मला माहीत नाही, पण थंडीत तोडलेल्या आणि तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या बांबूतला पिठूळ अंश धुऊन जातो आणि किड्याला खायला फारसं उरत नाही, हे खरं.

लाकूड करवतीनं कापू नये, फोडावं. करवत सरळ रेघेत जाते, लाकडाचे तंतू जातातच असं नाही. पाचर ठोकून फोडलं की चीर तंतूंच्या मागे मागे जाते आणि झाड किती पिळलेलं होतं ते उघडं पडतं. पिळलेलं लाकूड टाकून द्यावं, कितीही जीव तुटला तरी. गाठ असली तर तिच्याभोवती थोडं जास्त लाकूड ठेवावं. 28 इंच ओढणाऱ्या मोठ्या माणसासाठी 66 इंचांची फाडी घ्यावी, मधे 4 इंचांची मूठ आणि दोन्ही बाजूंना पावणेदोन-दोन इंच रुंदीची पाती, टोकाकडे निमुळती. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली एल्म लाकडाची धनुष्यं सुमारे 9,000 वर्षांपूर्वीची आहेत. ती करणाऱ्यांना मनाजोगं लाकूड मिळालं नव्हतं, म्हणून त्यांनी पाती रुंद ठेवली आणि ताण वाटून दिला. लाकूड मध्यम असेल तर रुंदी वाढवावी हा धडा तेवढा जुना आहे.

यापुढचं काम म्हणजे पोट तासणं. इंग्रजीत त्याला टिलरिंग म्हणतात, आपल्याकडच्या धनुर्विद्येच्या मैदानावरही तोच शब्द रुळलाय. सुताराच्या भाषेत सांगायचं तर हा सगळा सुताचा खेळ आहे. 8 सूत म्हणजे 1 इंच. पात्याची जाडी 5 सूत असेल आणि त्यातलं अर्धं सूत काढलं, तर जाडी फक्त 10 टक्क्यांनी घटते, पण ताठपणा 27 टक्क्यांनी, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी 10 टक्क्यांनी कमी केली तर ताठपणाही तेवढाच कमी होतो. एवढं एक गणित कळलं की नवशिक्याचा हात आपोआप हलका पडतो. वाकस आणि रंधा मग बाजूला राहतात, कामाला येते लाकडाची कानस आणि शेवटी काचेचा तुकडा.

भिंतीवर एक खुंटी ठोकून तिच्यावर धनुष्याची मूठ टेकवतात, दोरी खालच्या कप्पीतून घेऊन दूर उभं राहून ओढतात, म्हणजे दोन्ही पाती कशी वाकतात ते समोर दिसतं. मासळीबाजारात दिसतो तसला टांगता ताणकाटा मधे अडकवला की वजनही कळतं. एक नियम मोडायचा नाही: शेवटी 40 पौंडांचं धनुष्य हवं असेल तर कुठल्याही टप्प्यावर 40 पौंडांपेक्षा जास्त ओढायचं नाही, मग ते 10 इंचांवर येवोत की 20 वर. पातं कुठे वाकत नाही हे डोळ्याला कळत नसेल, तर वीतभर लांबीच्या सपाट ठोकळ्याला मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल बसवावी, टोक हलकंसं टेकेल इतपत. दोरी चढवलेल्या धनुष्याच्या पोटावरून तो ठोकळा फिरवला की जिथे पातं वाकलेलं आहे तिथे पेन्सिल अधांतरी राहते आणि जिथे ताठ आहे तिथे काळी रेघ उमटते. रेघ असेल तिथेच कानस चालवायची, दहा-बारा हात. मग थोडं थोडं तीस वेळा ओढायचं, आणि पुन्हा ठोकळा. इतका साधा उपाय आहे की तो आधी कोणी सांगितला नाही याचा राग येतो.

घाई केली तर पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसतात, प्रकाश तिरपा पडला तरच दिसाव्यात इतक्या बारीक. तिथले तंतू चिरडले गेलेले असतात आणि त्यावर इलाज नाही. प्रस्तावनेत ‘लेखकानं हे शिवधनुष्य पेललं’ असं लिहायची आपल्याकडे रीत आहे. इथे मी ते वाक्य टाळलंय, कारण कथेतलं ते धनुष्य दोरी चढवून ओढताना मोडलं. कैक वर्षं पेटीत पडून राहिलेल्या, मधल्या काळात कोणी न वाकवलेल्या धनुष्याला पहिल्याच दमात पूर्ण ताण दिला, तर दुसरं काय होणार? रामाच्या पराक्रमाला यानं उणेपणा येत नाही. कारागिराच्या मनात मात्र आधी हेच येतं.

आता रिकर्व्ह. सरळ धनुष्याची टोकं निशाणाच्या दिशेनं वळवली की ओढायला लागल्यापासूनच दोरी घट्ट लागते आणि शेवटच्या इंचांत ती एकदम जड होत नाही. तेवढ्याच वजनात जास्त जोर साठतो. बदल्यात टोकं जड होतात, पातं पिळण्याचा धोका वाढतो, आणि टोक केसभर जरी बाजूला गेलं तरी दोरी खाचेतून घसरून धनुष्य उलटं पलटी मारतं. माझं मत विचाराल तर पहिलं धनुष्य सरळच करावं. लेखकाला हे मान्य नाही. कोणी तरी रिकर्व्हचं चित्र बघूनच या नादाला लागतो, त्याला सरळ काठी करायला सांगितलं तर तो परत येत नाही, असं त्याचं म्हणणं. दोघांचंही खरं असेल.

टोक वळवण्याचं तंत्र रत्नागिरीला नवं नाही. होड्या बांधणारे सुतार फळी पाण्यानं भिजवून, विस्तवावर शेकून तिला गलबताच्या पोटाचा बाक देत आले आहेत. धनुष्यासाठी हंड्यात पाणी उकळत ठेवून टोकाची 7-8 इंच लांबी वाफेत धरायची, वरून गोणपाट गुंडाळायचं. जाडीच्या दर इंचाला एक तास हा ढोबळ हिशेब. बाहेर काढल्यावर हातात फक्त दहा-पंधरा सेकंद असतात. तेवढ्यात टोक आधी कापून ठेवलेल्या लाकडी साच्यावर दाबून शिकंजे आवळायचे. बाहेरच्या बाजूला पत्र्याची पट्टी ठेवली नाही तर तिथले तंतू उचकटून वर येतात, आणि एकदा उचकटलेला तंतू पुढे सोलतच जातो. साच्यात रात्रभर, आणि साच्यातून काढल्यावर निदान आठवडाभर सुकणं. वाफ घेतलेल्या टोकाला लगेच ताण दिला तर वळण तिथल्या तिथे उलगडतं.

इथेच पुन्हा हवा आडवी येते. वाफेनं दिलेलं वळण वाफेनंच जातं. आपला पावसाळा म्हणजे चार महिन्यांची सौम्य वाफच. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला लाकडाची पातळ पट्टी एपॉक्सीनं चिकटवण्याचा जो उपाय पुस्तिकेत आहे तो कोकणात ऐच्छिक समजू नये. वरून तेलाचे पातळ हात पाच-सहा वेळा द्यावेत. होड्यांना फासतात ते काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला फार छान जपतं. पण ते ताजं असताना कातडीवर फोड उठवतं आणि धनुष्याची मूठ हातात धरायची असते. मुठीला जवसाचंच तेल बरं. पावसाळ्यात दोरी उतरवून धनुष्य आडवं, दोन खुंट्यांवर ठेवावं. कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं धनुष्य आश्विनात बघावं, एक पातं मान टाकून बसलेलं असतं.

दोरीबद्दल एकच. जाळ्याची नायलॉन दोरी बंदरावर स्वस्तात मिळते म्हणून लावू नये. ती ताणते, धनुष्याचा जोर खाते. पॉलिस्टरची डेक्रॉन दोरी घ्यावी, किंवा तागाची वळावी. भिल्लांच्या बांबूच्या कामठ्याला दोरीही बांबूच्याच सालीची असते, अर्थशास्त्राच्या यादीतली, पण तो हात वर्षानुवर्षांचा आहे.

तिरकमठा हा इथला सगळ्यांच्या अंगणातला विषय नव्हता. खेड, चिपळूण, मंडणगडच्या डोंगरउतारांवर राहणाऱ्या कातकरी लोकांकडे तिरकमठा आणि गलोल या रोजच्या गरजेच्या वस्तू होत्या. कुठलं झाड कधी लवतं, कुठलं मोडतं, हे ज्ञान त्यांच्या वस्त्यांवर होतं आणि त्याची कोणी नोंद ठेवायची तसदी घेतली नाही. आज 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंद असणंच योग्य. पण त्या कायद्याबरोबर धनुष्य करणारे हातही गप्प झाले. शेजारच्या सातारा जिल्ह्यात चित्र वेगळं आहे: फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला रिकर्व्ह धनुष्य घेऊन उतरला, साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. त्यांची धनुष्यं धातू, कार्बन आणि काचतंतूंची, किंमत सामान्य घराला घाम फोडणारी. लाकडाच्या धनुष्यानं तिथे पोचता येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण सुरुवात होऊ शकते. राजस्थानचा लिंबाराम बांबूच्या धनुष्यापासूनच निघाला आणि 1988, 1992, 1996 अशी तीन ऑलिंपिकं खेळला. राष्ट्रीय स्पर्धांत इंडियन राउंड हा प्रकार 30 आणि 50 मीटरवर बांबूच्या धनुष्यानंच खेळतात.

लाकूड आणताना एवढं पाहावं की जमीन आपली असली तरी झाड तोडायला मुभा असतेच असं नाही. 1964 चा महाराष्ट्राचा वृक्षतोड कायदा खासगी जमिनीलाही लागू आहे आणि रत्नागिरीतली बरीचशी राई खासगीच आहे. पडलेलं झाड, छाटलेली फांदी, वादळात आडवी झालेली पोफळ यातून भागत असेल तर उत्तमच.

बाणांवर या पुस्तिकेत काहीच नाही, ते वेगळ्या पुस्तकाचं काम आहे. तोवर बाण विकत आणावेत, पण धनुष्याच्या वजनाला साजेसे. फार हलका बाण लावला तर सुटलेला जोर लाकडालाच खावा लागतो. आणि घरी आलेला पाहुणा हमखास जे करतो ते करू देऊ नये: भिंतीवरचं धनुष्य उचलून, बाण न लावता दोरी पूर्ण ओढून सोडणं. चांगलं घडलेलं धनुष्यही त्या एका फटक्यात मुठीपाशी तडकतं.